हे बरं, की हे?

एकोणीस महिने लागले परवान्याला.
आयुक्तालयाच्या जिन्यावरचा शिपाईसुद्धा आता ओळखतो,
'काय चष्मेवाले, आज तरी?'

ईस्ट स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत सैफुद्दीनभाईंचं दुकान.
शेजारी बेकरी. खारीच्या वासात बंदुकीच्या तेलाचा वास.
त्यांनी हिरव्या कापडावर सहा मांडली,
सगळी बत्तीस बोअर, सगळी काळी,
एकाच आईच्या पोटची असावीत तशी.

ह्याची नळी अर्ध्या बोटानं आखूड.
ह्याची मूठ जरा भरीव.
हे तेच, पण मागच्या सालचं.
ह्याचा खटका इकडून, त्याचा तिकडून.
सातवं मी मागितलंच नव्हतं, तरी कपाट उघडलं.

सत्तावीस वर्षं नाना पेठेत
लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून मी विचारत आलोय,
हे बरं, की हे?
आता हे, की आधीचं?
माणसं घाबरतात. चुकलं तर
डोळेच काढून घेईन की काय मी!
दोन्ही सारखंच दिसतंय म्हणायची लाज वाटते त्यांना.
मी म्हणतो, सारखं दिसलं तर सारखं सांगा,
तेही उत्तरच असतं.

भाई, मला सारखंच दिसतंय.

ते हसले नाहीत.
म्हणाले, लपवणार कुठं ते आधी सांगा.
शर्ट आत खोचता की बाहेर?
पोट आहे थोडं. बसून काम. वाकता किती?

वाकतो चाळीसदा दिवसातून.
चाळीसदा कुणाच्या तरी तोंडाजवळ तोंड नेतो,
बुबुळात बॅटरी मारतो,
त्यांचा श्वास माझ्या गालाला लागतो.
आता त्या चार बोटांच्या अंतरात हेही असेल.

वीणानं सकाळी एवढंच विचारलं,
दिसणार नाही ना?
नाही दिसणार, असंच बघतोय.
मग त्यांना कळणार कसं, तुझ्याकडे आहे ते?

त्यांना.
समोरच्या टायरवाल्या मुनीरला पाडलं,
तेव्हा मी शटर ओढत होतो.
शिवाजीनगर कोर्टात त्यांच्या वकिलानं
माझा चष्मा काढायला लावला, घालायला लावला,
पुन्हा काढायला लावला.
संध्याकाळ होती ना? प्लेटवर चिखल होता ना?
मग शेवटचा आकडा तीन, की आठ?
नीट आठवा. तीन, की आठ?
तीन, म्हटलं.
तेव्हापासून दुकानातला फोन वाजतो
आणि पलीकडे फक्त पंख्याचा आवाज येतो.

शेवटी सगळ्यांत जड होतं ते उचललं.
भाई म्हणाले, कमरेला हलकं बरं, दिवसभरात विसरून जाल.
म्हणूनच, मी म्हटलं.

मग त्यांनी परवान्याचं पुस्तक ओढलं,
जवळ धरलं, लांब धरलं, आणखी लांब,
हात पुरेना.
सवा दोनचा नंबर असणार, आणि चष्मा दहा रुपयांचा, फुटपाथवरचा.
पिस्तुलाचा नंबर उतरवू लागले.
शेवटून दुसरा आकडा आठ लिहिला.

भाई, तीन आहे तो.
त्यांनी ट्यूबखाली धरलं. आठच दिसतोय.
तीन आहे.
मला घाम फुटला होता. का ते त्यांना कळेना.
मग त्यांनी नखानं चाचपलं, लोखंडावरची ती खाच,
डावीकडे उघडी आहे का बघत, हळूहळू,
आणि म्हणाले, हां. तीन.

खाडाखोड झाली, सही झाली, शिक्का.
मी म्हटलं, दुकानी या उद्या, नंबर काढून देतो. पैसे नकोत.
येतो की, म्हणाले,
पुडकं माझ्याकडे सरकवून
त्यावरचा हात काही काढेनात.

अंधारात बसवता ना तुम्ही?
तेव्हा हे बाजूला ठेवाल?